माणूस ओळखायचा कुठं : बैठकीच्या खोलीत की स्वयंपाकघरात?

हळदीचं_पान (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातलाच आहे, पण घरात विचारून उत्तर मिळेना म्हणून इथं लिहितेय.

मुलगी सत्तावीस वर्षांची. गेल्या महिन्यात दोन स्थळं पाहिली. पहिलं आमच्या सांगलीतलंच. मुलगा पुण्यात मोठ्या पगारावर, वडिलांना गावात मान. मुलानं दारातच आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला, काकू काकू करून चौकशी केली, ह्यांच्या गुडघ्याचं कळल्यावर उंच खुर्ची आणून दिली. सगळं छान. मग त्याची आई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. त्यानं हसत हसत, आवाज न चढवता, तिच्याकडं न बघता म्हटलं, "आई, शेव वेगळी ठेव सांगितलं होतं ना? एक काम धड होत नाही तुझ्याकडून." बाई काही बोलल्या नाहीत. ट्रे ठेवला आणि आत गेल्या, त्या आम्ही निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

दुसरं स्थळ साताऱ्याचं. घर साधं, मुलगा तिथंच नोकरीला. त्यांच्याकडं आजी आहेत, हात थरथरतो. चहा आला तसा आजींच्या हातातला कप कलंडला, साडीवर, सतरंजीवर, थोडा माझ्याही पदरावर. मुलगा उठला. आईला हाक मारली नाही, बहिणीला सांगितलं नाही. स्वतः ओलं फडकं आणलं, आधी आजींचा हात उलटसुलट करून भाजलंय का बघितलं, मग खाली पुसलं. मग अर्धा कप चहा बशीत ओतून त्यांच्या ओठाला लावला. आजी म्हणाल्या, "आज बशी कुठं दडवली होतीस रे?"

मला त्या एका वाक्यानं आतून हलवलं. हे म्हणतात, एका चहावरून आणि एका शेवेवरून माणसं तोलायची नसतात. मुलगी गप्प आहे. तुम्हाला काय वाटतं? घरच्या माणसांशी कोण कसं वागतो, तोच खरा माणूस का?

भडंगप्रेमी

सातारा. डोळे झाकून.

मिरजेची_सिस्टर

मी सव्वीस वर्षं मिरजेत वॉर्डात काढली. सांगली, कोल्हापूर, पार कर्नाटकातून पेशंट येतात आमच्याकडं, आणि पेशंटबरोबर अख्खं घर येतं. त्यामुळं घरं उघडी बघायची सवय झालीय.

भेटीच्या वेळेत सगळेच चांगले असतात. डोक्यावरून हात फिरवतात, नारळपाणी पाजतात, डॉक्टर आले की उभं राहून विचारतात. मी बघायची रात्री दोनला. म्हाताऱ्याला लघवीला लागलीय, लाजेनं सांगत नाहीये, अंथरूण ओलं होतं. त्या वेळी सोबतीला झोपलेला मुलगा उठून काय करतो? काहीजण कपाळाला आठी घालून माझ्या नावानं ओरडतात. काहीजण पांघरुणाआड पटकन बदलून टाकतात आणि म्हाताऱ्याला म्हणतात, "पाणी सांडलं होतं माझ्याकडून, झोपा तुम्ही." असं म्हणणारा एक ट्रकड्रायव्हर होता. सकाळी त्याच्याकडं बघून कुणाला काही वाटलं नसतं. मळकट शर्ट, गुटख्याचे दात.

तुमच्या पोस्टमधली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट चहा पुसणं नाही. आजींचं वाक्य. "आज बशी कुठं दडवली" म्हणजे रोज बशी असते. पाहुणे आले म्हणून त्या दिवशी घरानं कप काढले. पुसणं एखादा पाहुण्यांसमोर दाखवायलाही करेल. पण आजींना दाखवायचं कुणाला?

पोवई_नाका

सिस्टरांचा मान राखून वेगळं मत मांडतो.

पाहायचा कार्यक्रम ही विचित्र वेळ असते. आमच्या लग्नाच्या वेळी मुलीकडचे आले तेव्हा मी माझ्या धाकट्या बहिणीवर असा खेकसलो होतो की ती रडत गच्चीवर गेली. कारण काय, तर तिनं माझी इस्त्रीची शर्टं हलवली. मला घाम फुटला होता, दुसरं काही नाही. बायकोनं ते ऐकलं होतं. तरी हो म्हणाली. बावीस वर्षं झाली. त्या दिवशी कुणी मला शर्टावरून तोललं असतं तर? म्हणून काकांचं म्हणणं मला पटतं. एका प्रसंगावर निकाल देऊ नका.

गोडोलीची_लेक

@पोवई_नाका, दादा, फरक आहे. तुम्ही घाबरून खेकसलात. तो मुलगा हसत म्हणाला, हळू आवाजात, न बघता. घाबरलेला माणूस असा बोलत नाही, सवय असलेला बोलतो. आणि त्याची आई उत्तर न देता आत गेली, म्हणजे तिलाही सवय.

आणि एक विचारू? तुम्ही नंतर गच्चीवर गेलात का?

पोवई_नाका

गेलो होतो. पाहुणे गेल्यावर. पेढ्यांचा बॉक्स तिच्या मांडीवर ठेवला आणि तिथंच बसलो.

गोडोलीची_लेक

मग झालं तर. तुमच्या बायकोला तेही दिसलं असणार.

ऊसकरी_वाळवा

माझं जरा उलटंच हाय, ऐकून घ्या.

आमच्या भागात एक माणूस व्हता, ऊसतोडीच्या टोळ्यांचा कारभार बघायचा. घरात देवमाणूस. बायकोचं पाय चेपायचा, पोरीला शाळंत सोडायला सायकलवर जायचा, आईला दरसाल पंढरीला न्यायचा. घरातली माणसं आजबी त्याचं नाव काढलं की रडत्यात. आन् ह्योच माणूस बीडकडनं आलेल्या ऊसतोड्यांची खाडं लावायचा. आजारी बाई फडात आली न्हाई की नवराबायको दोघांचं पैसं कापायचा. कोयता म्हणजे जोडी, एक मोडला की जोडी मोडली, आसा हिशोब. पालात पोरं तापानं फणफणायची, ह्यो घरी पोरीला सायकलवर फिरवायचा.

आता सांगा, घरातला चांगुलपणा खरा म्हणायचा का पालावरचा निर्दयपणा? मला वाटतं रक्ताच्या माणसावर माया जनावरबी करतं. घरात बघायचंच आसंल तर धुणंभांड्याला येणाऱ्या बाईला चहा कुठल्या कपातनं देत्यात त्ये बघा. तिचा कप येगळा फळीवर ठेवलाय का, त्ये बघा.

मिरजेची_सिस्टर

@ऊसकरी_वाळवा, हे मला सुचलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

खटावचा_मास्तर

वाळवेकरांनी कपाचा विषय काढला म्हणून लिहितो.

आमच्या खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव, आणि सावित्रीबाई खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्यामुळं सातारा जिल्ह्यात दरवर्षी ३ जानेवारीला भाषणं होतात. शाळा काढली, शेणगोळे झेलले, हे सगळं सांगितलं जातं आणि ते सांगायलाच हवं. मी वर्गात मुलांना हौदापासून सुरुवात करून देतो. १८६८ साली त्यांनी आपल्या राहत्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. पाच वर्षं आधी, १८६३ मध्ये, फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी दार उघडलं तेही घराचंच. त्यातल्याच एका बाईचा मुलगा, यशवंत, पुढं दत्तक घेतला. म्हणजे बाहेर जे बोलायचे ते घरात पाण्याच्या भांड्यापर्यंत आणलं होतं.

आणि अजून एक. १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. शेवटचं लेखन त्यांनी डाव्या हातानं केलं. ती दोन वर्षं घर कसं चाललं असेल, औषधपाणी, उठवणं-बसवणं कुणी केलं असेल, याचा विचार मुलांना करायला सांगतो. १८९० ला ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढं धरायचं अग्नीचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं. सभेतली माणसं तिथं नंतर आली असतील. खोलीतलं दुखणं आधीपासून त्या बघत होत्या.

रयतेचा_विद्यार्थी

मास्तर, हाच धागा पुढं नेतो. मी रयतच्या वसतिगृहात वाढलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काले इथं रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. कर्मवीर अण्णांचं नाव सगळ्यांना ठाऊक. पण त्या मुलांना भाकरी थापून घालणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, आमच्या वहिनी. सोवळ्याच्या संस्कारात वाढलेली बाई, आणि तिच्या चुलीपुढं सगळ्या जातींची पोरं जेवायला बसायची. धान्य संपलं तेव्हा दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा गेलं. १९३० साली त्या वारल्या.

वसतिगृहात आमचे जुने गुरुजी अण्णांच्या आधी वहिनींचं नाव घ्यायचे. म्हणायचे, अण्णांनी झाड लावलं हे खरं, पण पाण्याची घागर वहिनींच्या डोक्यावर होती.

गोडोलीची_लेक

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, पण एक गोष्ट मनात खटकते आणि ती बोलल्याशिवाय राहवत नाही. कर्मवीरांबद्दल आदरच आहे, माझे वडील रयतमुळं शिकले. पण आपण बाईच्या मंगळसूत्राची गोष्ट सांगतो तेव्हा ती नेहमी तिच्या त्यागाची गोष्ट होते. घरात दयाळू कोण असायचं हे जणू आधीच ठरलेलं. बाईनं केलं की ते तिचं कामच. पुरुषानं फडकं हातात घेतलं की आपण धागा काढतो. हळदीचं_पान ताई, राग मानू नका. साताऱ्याच्या त्या मुलाच्या बहिणीनं चहा पुसला असता तर तुम्ही इथं लिहिलं असतं का?

हळदीचं_पान

नसतं लिहिलं. खरं आहे. दोन दिवस हाच विचार करतेय.

रयतेचा_विद्यार्थी

@गोडोलीची_लेक, तुमचं म्हणणं मान्य. म्हणूनच गुरुजी वहिनींचं नाव आधी घ्यायचे असं मला वाटतं. नाव तरी आधी यावं.

बोळातली_वाई

विषयांतर होतंय, पण आजींच्या हाताबद्दल. माझ्या सासऱ्यांना कंपवात होता. काचेचे, चिनीमातीचे कप बंद करा. दोन बाजूंनी कान असलेला मग मिळतो, तो अर्धाच भरायचा. ताटलीला उभी कड हवी, म्हणजे घास बाहेर ढकलला जात नाही. खाली ओला रुमाल पसरला की ताटली सरकत नाही. आणि कंपवाताच्या गोळ्या वेळच्या वेळी, अर्धा तास इकडंतिकडं झालं तरी हात जास्त हलतो असा आमचा अनुभव. बशी चांगलीच, पण गरम चहा पसरट बशीतून सांडायची भीती असते. निवल्यावर द्या.

भडंगप्रेमी

बशीत ओतला की निवतोच की लगेच! आमचे आजोबा फुंकर मारून असा भुरका मारायचे की शेजारच्या वाड्यात कळायचं, चार वाजले.

मिरजेची_सिस्टर

गोळ्यांच्या वेळेचं बोळातली_वाई यांनी अगदी बरोबर लिहिलंय.

कृष्णाकाठ

२०१९ च्या ऑगस्टमधलं सांगतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांना धोक्याच्या पातळीवर येते, त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेली होती. आमच्या गावभागातल्या घरात छातीएवढं पाणी. दोन वेगवेगळ्या घरांत आम्ही आठ दिवस काढले, कारण एका ठिकाणी सगळे मावत नव्हतो.

पहिलं घर ओळखीच्या एका प्रतिष्ठित माणसाचं. चौदा माणसं होती आम्ही तिथं. त्यांनी मनापासून आसरा दिला हे मी विसरणार नाही. पण दिवसभर ते मदतकेंद्रावर, फोनवर, गाड्या जुळवण्यात, आणि आत त्यांची बायको एकटी चौदा जणांच्या भाकरी थापतेय. तिला ताप होता. तिनं सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. माझ्या आईनं कपाळाला हात लावला तेव्हा कळलं.

दुसरं घर विश्रामबागेकडं एका निवृत्त कंडक्टर काकांचं. दोन खोल्या. काकू संधिवातानं झोपून. काका पहाटे चारला उठून सगळ्यांसाठी पाणी तापवायचे. आम्ही घातलेल्या कपड्यांवर बाहेर पडलो होतो. बायकांचे ओले, चिखलाचे कपडे काकांनी स्वतः धुऊन खोलीत दोऱ्या बांधून वाळत घातले, आणि कुणी बघायच्या आत. माझी बहीण लाजेनं अर्धमेली झाली. काका म्हणाले, "तुझ्या काकूचं अकरा वर्षं धुतोय, पोरी. हाताला काही नवं नाही."

ऊसकरींच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे असं नाही. पण काकांकडं घरातली माया आणि बाहेरच्यांवरची माया एकाच हातानं चालायची. जो हात काकूंचं करायचा तोच आमचं करत होता. पहिल्या घरात ते दोन वेगळे हात होते. पहिल्यांचा उपकार लहान नाही, चौदा जीव वाचले. तरी आईला विचारलं की पूर आठवतो का, तर ती काकांच्या दोऱ्या सांगते.

ऊसकरी_वाळवा

एकाच हातानं. ह्ये पटलं.

आमची आज्जी सांगायची, पत्री सरकारच्या वक्ताला, बेचाळीसनंतर, बायकोला मारणाऱ्याचा, टाकून देणाऱ्याचा निवाडाबी गावात बसून व्हायचा. घरातलं म्हणून झाकून ठेवत नव्हते. विंग्रजाशी लढणारी माणसं, पर घरातल्या मारझोडीचाबी हिशोब घ्यायची. आज्जीला त्येचं लई अप्रूप व्हतं.

कोर्टाच्या_पायरीवर

मी साताऱ्यात वकिली करतो, म्हणून व्यवहाराचं बोलतो. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा आहे. सांभाळत नसलेल्या मुलांविरुद्ध आईवडील प्रांतांकडं अर्ज करू शकतात, महिना दहा हजारांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो. अर्ज घेऊन येणाऱ्या आया मी बघतो. समोर उभा असलेला मुलगा पुष्कळदा गावात चांगला समजला जाणारा असतो. मंडळाची वर्गणी, गणपतीत महाप्रसाद, सगळं त्याच्या नावावर. आणि आई माझ्या कानात म्हणते, "साहेब, जास्त कडक लिहू नका, त्याची नोकरी आहे."

२००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात नुसती मारहाण येत नाही. घालूनपाडून बोलणं, अपमान करणं हेही त्यात धरलं आहे. म्हणजे "एक काम धड होत नाही तुझ्याकडून" हे रोज ऐकावं लागणाऱ्या बाईचं दुःख कायद्यालाही कळलंय. तेव्हा ताई, शेवेचा प्रसंग किरकोळ म्हणून सोडू नका, एवढंच सांगेन.

भडंगप्रेमी

ताई, सरळ न सांगता एखाद्या दिवशी दोन्ही घरी जाऊन धडका. पेढे घ्यायला मोती चौकात आलो होतो, म्हणून डोकावलो म्हणायचं. घर कसं आहे ते कळेल.

बोळातली_वाई

हे मला नाही आवडलं. अचानक गेल्यावर आमच्या घरी तुम्हाला धुण्याचा ढीग आणि माझा चढलेला आवाज मिळेल. सासरे आजारी असताना मी त्यांच्यावर ओरडलेय. मग रात्री त्यांचे पाय धुताना रडलेय. तुम्ही कुठल्या मिनिटाला दार वाजवता त्यावर मी दुष्ट की चांगली हे ठरणार का? माणसांवर पाळत ठेवून माया सापडत नाही. मुलीला त्या मुलाशी बोलू द्या, भरपूर आणि आडपडदा न ठेवता.

पोवई_नाका

बोळातली_वाई यांच्याशी शंभर टक्के सहमत.

सांज_हरिपूर

सगळं वाचलं. कुणीच एक विचारलं नाही म्हणून विचारते. त्या पहिल्या घरातल्या आईचं काय? आपण इथं स्थळ निवडतोय. तुमची मुलगी नाही म्हणेल आणि सुटेल. त्या बाई उद्याही शेव वेगळ्या वाटीत ठेवतील. मी त्या बाई होते. माझा मुलगा नव्हे, नवरा. बाहेर त्यांच्याइतकं मृदू बोलणारं कुणी नव्हतं, त्यामुळं माहेरीसुद्धा माझ्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. एकदा एक पाहुण्या बाई जाताना स्वयंपाकघरात आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "मी ऐकलं." तेवढंच. त्यांचं नावही मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मला हे कळलं की हे माझ्या मनाचे खेळ नाहीत.

हळदीचं_पान

सांज_हरिपूर, तुमची पोस्ट वाचून रात्रभर झोप लागली नाही. काल मी त्या घरी फोन केला. नकार आमच्या ह्यांनीच आधी कळवला होता, म्हणून मी फक्त त्या बाईंशी बोलायला मागितलं. पोहे फार छान झाले होते असं सांगितलं. आणि हेही सांगितलं की ते वाक्य मला ऐकू आलं होतं आणि मला ते लागलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "ओल्या नारळाचे होते." अजून बोलायचं होतं त्यांना, पण कुणीतरी आलं वाटतं. नंबर दिलाय मी माझा.

आता मुलीचं. लपूनछपून जायला तिनं साफ नाही सांगितलं. बोळातली_वाई म्हणाल्या तसं ती आणि साताऱ्याचा तो मुलगा गेल्या रविवारी तिथल्या चार भिंतीच्या टेकडीवर जाऊन दोन तास बोलले. तिनं विचारलं, घरात भांडण झालं की आधी कोण बोलतं? तो थोडा थांबून म्हणाला, "आई बोलते. मी दोन-दोन दिवस गप्प राहतो. आजी मग मला बशी घेऊन बोलावते, चहा नको असला तरी." मुलगी म्हणाली, दोन दिवस जास्त आहेत. तो म्हणाला, हो, जास्त आहेत. धुणंभांड्याच्या मावशींचा कप तिनं अजून बघितलेला नाही. ऊसकरी दादा, ते मी बघेन.

गोडोलीची_लेक, त्याच्या बहिणीशीही मुलगी फोनवर बोलली. आजींची रात्रीची पाळी बहिणीची असते म्हणे. पाहायच्या दिवशी तिच्याकडं माझं लक्षच नव्हतं.

पुढच्या रविवारी ते सगळे आमच्याकडं येणार आहेत, आजीसुद्धा. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी पडदे आणि फराळाच्या विचारात होते. परवा संध्याकाळी हे खाली गेले आणि तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलून त्यांची बैठकीची खोली त्या दिवसापुरती मागून आले. मला वर येऊन सांगितलं. मग कपाट उघडून बराच वेळ काहीतरी शोधत होते. विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडं खोल बशा होत्या ना, कडेच्या? आईच्या वेळच्या."

दोन सापडल्या. एकीचा टवका उडालाय. दुसरी चांगली आहे.